पिवळ्या ठिपक्याचे टायर

टेक्सासहून परत आल्यावर मी एकदा प्रवासवर्णन लिहिलं होतं. आमच्या कारखान्याच्या दिवाळी अंकात ते छापूनही आलं. त्यात टेक्सासचं अवाढव्य आकाश होतं, शेतात उभं राहून दिवसभर मान खालीवर करणारे तेलाचे पंप होते, तांब्याएवढ्या ग्लासातून मिळणारा बर्फाचा चहा होता. कँटीनमध्ये दोघातिघांनी मुद्दाम येऊन सांगितलं, "सावंतसाहेब, आम्हीच जाऊन आल्यासारखं वाटलं."

त्या लेखात एक शनिवार आणि एक रविवार नव्हता. सहा आठवड्यांतले दोन दिवस गाळले तर कुणाच्या लक्षात येणार? माझ्या घरातही कुणाच्या आलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. अशा माणसाची एक सोय असते: त्याने काही सांगितलं नाही तर त्यात काही लपलंय असं कुणाला वाटत नाही.

आता तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे, ते दोन दिवस जागच्या जागी ठेवून.

प्लेनो

१९९६ चा मे संपत आला होता. आमच्या कारखान्याने मोटारींसाठी एक नवा टायर तयार केला होता. बर्फाचे देश टायरांचे दोन प्रकार मानतात, हिवाळी आणि उन्हाळी. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे आपले सगळेच उन्हाळी, आणि म्हणून आपण त्याला वेगळं नाव देत नाही. हा टायर बाहेरच्या देशांत विकायचा तर तिथल्या टायरांशेजारी तो कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर कसा ठरतो ते पाहणं भाग होतं. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्या रबराचं मिश्रण ठरवण्याचं काम माझं. ते मिश्रण जमवण्यात माझी तीन वर्षं गेली होती. म्हणून मला पाठवलं.

चाचणीचा ट्रॅक डॅलसपासून दोनेक तासांवर, माळरानात होता. सोमवार ते शुक्रवार तिथे एका मोटेलमध्ये राहायचं आणि शनिवार-रविवार प्लेनोला, मिलिंद गजभियेच्या घरी. मिलिंद नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा रूममेट. होस्टेलच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढली. परीक्षेच्या दिवसांत त्याची आई डबा पाठवायची तो दोघांचा असायचा. आता तो टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीत होता. घर इतकं मोठं की पहिल्या दिवशी मी बाथरूम समजून कपाटाचं दार उघडलं.

घरात त्याची बायको रंजना, बारा वर्षांची मुलगी स्नेहल, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा अमेरिकेला आलेल्या आई. आईंनी मला ओळखलं ते आवाजावरून.

"हाच का रे तो, माह्या डब्यातलं मटण खाऊन वरून म्हणे तिखट आहे?"

"आई, तिखट होतंच," मी म्हणालो.

"मंग डबा रिकामा कसा यायचा, बाप्पा?"

ज्वारीचं पीठ तिथे मिळत नव्हतं. रंजनावहिनींनी मेक्सिकन दुकानातून मक्याचं पीठ शोधून काढलं होतं आणि आई त्याच्या भाकरी थापायच्या. भाकरी थोड्या चिरायच्या, पण पाटवडीच्या रश्शात बुडवल्या की काही कळायचं नाही. आईंनी पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, एवढ्या लांब कशासाठी आलास. मी टायरचं सांगितलं.

"टायर पाहाले अमेरिकेत याव लागते? गोल त आहे. आजून काय पाह्यतं त्याच्यात?"

प्लेनोत पायी चालणारं माणूस दिसत नाही. फूटपाथ आहेत, झाडं आहेत, सावली आहे, आणि चालणारं कुणी नाही. दूध संपलं तरी गाडी काढायची. ज्याला गाडी चालवता येत नाही तो त्या सुंदर घरात बसून राहतो. वहिनींनी हे फार लवकर ओळखलं होतं. लग्न होऊन आल्याच्या पहिल्या वर्षातच त्यांनी लायसन्स काढलं, मग शिक्षण पुरं केलं आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. मिलिंद म्हणायचा, "अरे यार, माझ्यापेक्षा ती चांगली ड्राइव्ह करते. मी हायवेवर शिव्या देतो, ती फक्त आरसा बघते."

आईंना सुनेच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायला फार आवडायचं. नागपूरला फोन लावला की त्या आधी हेच सांगायच्या. "माही सून गाडी चालवते. मी समोर बसतो. मांगं बसत नाही मी."

ट्रॅक

ट्रॅकवर माझा चालक रॉय नावाचा, साठीकडे झुकलेला माणूस. बोलणं कमी, टोपी कायम डोक्यावर. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

आमच्याकडे टायरची चाचणी कशी व्हायची ते सांगतो. टायर गाडीला चढवायचे, घाटात जायचं, वरच्या टपरीवर भजी खायची आणि जुन्या ड्रायव्हरला विचारायचं, कसा वाटला. तो म्हणायचा, "एकदम मस्त, साहेब." त्याने 'मस्त नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही, साहेबांनी केलेला टायर तो वाईट कसा म्हणेल?

रॉयकडे ती सोय नव्हती. टायर चार प्रकारचे होते, आणि कुणाचा कुठला हे त्याला सांगायचं नाही. ओळखीसाठी फक्त कडेला रंगाचा एक ठिपका: लाल, निळा, पांढरा, पिवळा. लाल आणि निळा हे युरोपातले महागडे उन्हाळी टायर. पांढरा हा अमेरिकेतल्या घरगुती गाड्यांना सर्रास असतो तसला बारमाही टायर, तुलनेसाठी घेतलेला. वहिनी चालवायच्या त्या मिलिंदच्या जुन्या, मरून रंगाच्या गाडीलाही त्याच जातीचे होते. पिवळा आमचा. एकच गाडी, एकच चालक, हवेचा दाब सकाळी थंड टायरात मोजलेला. चारही प्रकार लावून झाले की पुन्हा पहिला लावून बघायचा, म्हणजे मधल्या वेळात रस्ता किंवा ब्रेक बदललेत का ते कळतं.

कोरड्या रस्त्याच्या फेऱ्या आम्ही सकाळी, डांबर तापण्याच्या आत करायचो. रॉय ठराविक वेगाने यायचा, खुणेपाशी ब्रेक दाबायचा, गाडी थांबली की मी टेप घेऊन धावायचो. मग वळणं, मग खांबांमधून नागमोडी. तीन दिवसांनी आकडे मांडले तेव्हा पिवळा थांबण्यात दुसरा होता, पहिल्यापेक्षा हातभरच मागे, आणि वळणांमध्ये सगळ्यांच्या पुढे. रॉय म्हणाला, "पिवळा ऐकतो. स्टिअरिंग फिरवायच्या आधी वळतो."

त्या संध्याकाळी मी गावातल्या एकुलत्या हॉटेलात साजरं करायला गेलो. मेनूत 'चिकन फ्राइड स्टेक' दिसलं. म्हटलं, चिकन आहे, चालेल. अर्धं संपल्यावर रॉयने शांतपणे सांगितलं की यात कोंबडीचा काही संबंध नाही; गाईचं मांस कोंबडीसारखं तळतात, म्हणून ते नाव. मी काटा खाली ठेवला. तो टोपीखालून हसला आणि माझ्यासाठी राजमा आणि मक्याचा पाव मागवला. हा किस्सा दिवाळी अंकात आहे. लोक त्यावर फार हसले.

ओला रस्ता

ओल्या रस्त्याच्या चाचण्या दुसऱ्या पंधरवड्यात होत्या. ट्रॅकच्या एका पट्ट्याच्या दोन्ही कडांना फवारे होते. डांबर घासून घासून गुळगुळीत केलेलं, वर नाण्याच्या जाडीइतका पाण्याचा थर. वारा आला की थर एका बाजूला सरकतो, म्हणून वारा पडेपर्यंत थांबायचं. आजूबाजूला मैलोन्‌मैल वाळलेलं गवत, आणि मधे आम्ही पाणी शिंपडून ते वाऱ्याने हलू नये म्हणून बसलेले. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाण्याचं इतकं कवतुक असल त इकडचा नळ तिकडं नेऊन सोड."

लाल थांबला. निळा थांबला. पांढरा त्यांच्यापुढे थोडा जाऊन थांबला. मग पिवळा आला. रॉयने ब्रेक दाबला, आणि गाडी सरकतच राहिली. मला वाटलं त्याचा पाय निसटला. थांबली तेव्हा मांडलेल्या शेवटच्या शंकूच्याही पलीकडे होती.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. लालपेक्षा दोन गाड्यांच्या लांबीइतका जास्त. त्या साध्या पांढऱ्यापेक्षाही एक गाडी आणि वर थोडं.

कारण मला तिथेच कळलं. आपल्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, किती चालेल? मी रबर टिकाऊ केलं होतं, कडक केलं होतं, खाचा उथळ आणि कमी ठेवल्या होत्या. त्यामुळेच तो कोरड्यावर इतका छान ऐकत होता, आणि त्यामुळेच ओल्यावर ऐकत नव्हता.

रॉय गाडीतून उतरला, पिवळ्या ठिपक्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तोंडावरून त्याला कळलं असावं.

"हा तुझा?"

मी मान हलवली.

"कोरड्यावर चांगला आहे," तो म्हणाला. "पण हा मी माझ्या बायकोच्या गाडीला लावणार नाही."

तो गुरुवार होता. त्या संध्याकाळी मोटेलमध्ये बसून मी अहवाल लिहिला. ओल्या रस्त्यावर पिवळा चौथा, फरक मोठा, मिश्रण बदलल्याशिवाय विकू नये. सगळं खरं लिहिलं. खाली सही केली.

शनिवार

ट्रॅकचा नियम होता की चाचणी झालेले टायर करवतीने कापायचे. विकायला न काढलेला टायर चुकून रस्त्यावर जाऊ नये म्हणून. रॉयने शुक्रवारी लाल आणि निळे कापले. नव्यासारखे टायर पावासारखे कापले जात होते. पिवळ्यांचा एक जादा संच होता, फक्त सुरुवातीच्या फेऱ्या मारून मऊ केलेला. मी कागदावर लिहून दिलं की हा संच अभ्यासासाठी भारतात नेतो आहे. रॉयने वाचलं आणि करवत बंद केली.

शनिवारी गजभिये कुटुंब त्याच मरून रंगाच्या गाडीने ट्रॅक बघायला आलं. मीच बोलावलं होतं. आईंनी डबे आणले होते. रॉय सुटीवर होता. वर्कशॉपची चावी माझ्याकडे होती. वर्कशॉपच्या सावलीत आम्ही जेवलो, स्नेहल मोकळ्या रस्त्यावर धावून आली, आणि मी मिलिंदला म्हणालो, "गाडी आत घे. नवे टायर टाकून देतो."

"अरे, माझे आहेत की चांगले."

"त्यात आता काही राहिलं नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. त्याचे टायर निम्मेसुद्धा झिजले नव्हते.

का केलं ते मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. आधी सांगितलं, चांगला माल फुकट जात होता. मग सांगितलं, महिनाभर त्यांच्या घरी जेवलो, रिकाम्या हाताने कसं परत जायचं. दोन्ही खरं आहे. पण त्यांच्या खाली तिसरं आहे, आणि ते असं की माझ्या हातचा टायर अमेरिकेच्या रस्त्यावर धावावा असं मला वाटत होतं. गुरुवारी तो हरला होता. शनिवारी मला तो हरलेला बघवत नव्हता.

यंत्रावर मी स्वतः चारही टायर चढवले. मिलिंद फोटो काढत होता. आई खुर्चीवर बसून बघत होत्या.

"इंजिनेर होऊन शेवटी पंक्चरवाल्याचंच काम का रे?"

"आजी, ही इज अ सायंटिस्ट," स्नेहल म्हणाली.

"हाव, दिसते ना हाताकडं पाहून."

वहिनी जवळ आल्या. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई, कुठल्याही बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती घरात आणत नाही. त्या वाकून टायरच्या खाचांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "भाऊजी, खाचा कमी दिसतात. पावसात कसे आहेत हे?"

सरळ विचारलं होतं. मी हातातला पाना पुसत म्हणालो, "वहिनी, टेक्सासमध्ये पाऊस आहे कुठे?"

सगळे हसले. त्याही हसल्या. त्यांच्या लेखी माणूस चांगला होता, घरचा होता, आणि त्याचं आयुष्य टायरात गेलं होतं. पुन्हा कशाला विचारतील?

रविवार

पुढच्याच्या पुढच्या रविवारी एका कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना होती. तिथली महाराष्ट्रातली दहाबारा कुटुंबं महिन्यातून एकदा जमायची. कुणी डॉक्टर, कुणी सॉफ्टवेअरवाले, दोन विद्यार्थी. मुलांना पाली म्हणता यायचं, पण अर्थ विचारला की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या दिवशी पंचशील झाल्यावर आईंनी मुलांना समोर बसवलं.

"चौथं कोणतं? मुसावादा. म्हंजे खोटं बोलाचं नाही. आणिक खरं माहीत असून चूप बसाचं नाही, थेबी त्याच्यातच येते."

"आजी, दॅट्स नॉट इन द वर्ड्स," स्नेहल म्हणाली.

"शब्दात नसल त नसल. माह्या घरात हाये."

मी मागच्या रांगेत होतो. तेव्हा ते मला लागलं नाही. त्यात माझ्यासाठी काही आहे असं त्या वेळी वाटलंच नाही.

जेवणं झाली. आईंना थकवा वाटत होता म्हणून वहिनी त्यांना मरून रंगाच्या गाडीतून घेऊन पुढे निघाल्या. मिलिंद, मी आणि स्नेहल खुर्च्या घडी करायला थांबलो; मिलिंदची दुसरी गाडी होती. दुपारचे तीन वाजले असतील. आभाळ पश्चिमेकडून काळं झालं आणि एकदम पाऊस आला, कित्येक आठवड्यांनी. अशा पावसाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट; रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगतात. हे मला माहीत होतं. मी हातात खुर्ची घेऊन दारात उभा होतो. तेव्हा मला ते टायर आठवले, आणि मी मिलिंदला म्हणालो, "निघू या का?"

"पाऊस थांबू दे ना यार."

वाटेत तिसऱ्या चौकात दिवे फिरत होते. मरून रंगाची गाडी आडवी होऊन एका पिकअपच्या मागच्या चाकाला भिडली होती. भिडली ती आईंच्या बाजूने. सिग्नल पिवळा झाला, वहिनींनी वेळेत ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. सरकत, फिरत, लाल झालेल्या चौकात गेली. आई शुद्धीवर होत्या. स्ट्रेचरवरून त्या मराठीत त्या गोऱ्या माणसांना सांगत होत्या, "हळू, बाप्पा, हळू." खुब्याचं हाड मोडलं होतं.

वहिनी पावसात उभ्या होत्या. त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "मी दाबला होता. मी दाबला होता."

मिलिंद आईंपाशी जाऊन आला आणि मला म्हणाला, "सुभाष, तू बघ ना. टायरचं काही झालं का?"

मी गाडीपाशी गुडघ्यावर बसलो. चारही टायरांत हवा होती. रबर शाबूत. चिखलातून पिवळा ठिपका दिसत होता. त्याच्यावर पाणी ओघळत होतं. पोलीसही जवळ उभा होता. मी उठलो.

"टायर ठीक आहेत," मी म्हणालो. "ब्रेक एकदम दाबला गेला असेल. चाकं जाम होतात. सोडून सोडून दाबायचा असतो. घाबरलं की होतं असं."

यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. जुनी गाडी होती, चाकं जाम झालीच असतील. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून बाहेर पडलं. मिलिंदने मान हलवली आणि तेच पोलिसाला इंग्रजीत सांगितलं, वर जोडलं की हा टायरचा एक्स्पर्ट आहे. पोलिसाने लिहून घेतलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर मी तिथे दहा दिवस होतो. हॉस्पिटलमध्ये आईंजवळ बसलो. त्या मलाच धीर द्यायच्या. "रंजनाले काही बोलू नको म्हणा मिल्याले. पोरगी बोलतच नाही." रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज वहिनी थर्मास घेऊन यायच्या, मिलिंदच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. पुढे बसत नव्हत्या. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं, आणि "चहा चांगला झालाय" म्हणालो.

शेवटच्या दिवशी रॉयने विचारलं, संच नीट बांधून घेतलास ना. मी हो म्हणालो. त्याने हात मिळवला. ती गाडी तोवर भंगारात गेली होती, टायरांसकट.

परतल्यावर

माझ्या अहवालावरून कारखान्याने मिश्रण बदललं. टायर बाजारात आला तो बदललेला, आणि ओल्यावरही बरा होता. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सावंतांसारखी सचोटी हवी, स्वतःच्या कामाला चौथा नंबर द्यायला धाडस लागतं. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

आईंना व्हीलचेअरवर नागपूरला परत आणलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत. पुढच्या वर्षी गेल्या. मी नागपूरला गेलो तेव्हा मिलिंद एकटाच आला होता. रात्रंदिवस माणसांचा राबता होता, तरी त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "रंजनाने नोकरी सोडली रे. ड्राइव्हच करत नाही. घरातून बाहेर पडत नाही. मी कधी चिडून बोलत नाही, पण तिला माहीत आहे. तूच म्हणालास ना, ब्रेक सोडून सोडून दाबायला हवा होता. मला ते वाक्य डोक्यातून जात नाही."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच केलं.

या वर्षी स्नेहलचा फोन आला. ती आता पंधरा वर्षांची. तिथे या वयात गाडी शिकायला परवानगी मिळते. रंजनावहिनी परवानगीच्या कागदावर सही करत नव्हत्या. स्नेहल इंग्रजीत बोलत होती, मधेच मराठी आणायचा प्रयत्न करत. "काका, मॉम म्हणते तिच्या हातून आजी गेली, सो आय कान्ट ड्राइव्ह. बट तुम्ही तिथे होते ना. यू चेक्ड द कार. वॉज इट हर फॉल्ट?"

मी म्हणालो, आईला फोन दे.

"आत्ता?"

"आत्ता."

वहिनींचा आवाज मी तीन वर्षांनी ऐकला. मी काही प्रस्तावना केली नाही. मला ती करता येत नाही. सांगितलं की टायर ओल्या रस्त्यावर वाईट होते. मला ते माहीत होतं. टायर चढवायच्या दोन दिवस आधी मी ते स्वतः मोजलं होतं आणि लिहून सही केली होती. तुमचे जुने टायर चांगले होते, ते गेलेत असं मी खोटं सांगितलं. चौकात मी गुडघ्यावर बसलो तेव्हाही मला माहीत होतं.



"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "पावसात कसे आहेत म्हणून. आठवतं?"

"आठवतं."

"किती?"

मला कळलं नाही.

"किती जास्त सरकायचे? मोजलंत ना तुम्ही?"

"तुमच्या जुन्या टायरांपेक्षा एक गाडी. आणि वर थोडं."

त्या हिशोब मांडल्यासारख्या सावकाश बोलल्या. "पिकअप जवळजवळ निघून गेला होता. आम्ही त्याच्या मागच्या चाकाला लागलो. अर्ध्या गाडीइतकं आधी थांबलो असतो तरी पुरलं असतं, भाऊजी."

"हो."

"म्हणजे मी बरोबर दाबला होता."

"हो वहिनी. तुम्ही बरोबर दाबला होता."

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं मीच रडत होतो, पण ते सांगण्यासारखं नाही. मी म्हणालो की हे मी लिहिणार आहे, दिवाळी अंकात जे गाळलं ते सगळं. तुमचं नाव बदलतो.

"लिहा," त्या म्हणाल्या. "माझं नाव बदलू नका. तीन वर्षं या घरात तो दोष त्याच नावावर आहे."

मग त्यांनी फोन ठेवला. अहवालातलं ओल्या रस्त्याचं पान मी त्यांना टपालाने पाठवलं, माझ्या सहीसकट. पोचलं की नाही ते मला कळवलेलं नाही. मिलिंदचा फोन त्यानंतर आलेला नाही. येईल असं मी धरून चाललेलो नाही.

त्यांचं नाव रंजना गजभिये. नाव बदललेलं नाही.